पहिल्या चालीपूर्वी

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक अमरावतीच्या महाविद्यालयात, दुसरा अकोल्याच्या. उत्तरपत्रिका तपासण्याच्या निमित्ताने अकोला ते बडनेरा हा तास-सव्वातासाचा रेल्वेप्रवास आम्हांला वर्षातून अनेकदा एकत्र घडतो. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका प्रवासात समोरच्या बाकावर आमच्यापैकी एकाची विद्यार्थिनी येऊन बसली. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची. हातात रंगीत ठोकळा, ज्याला आता सगळेच ‘क्यूब’ म्हणतात. शेजारच्या मैत्रिणीने तो विस्कटून दिला की ही तो हातात घेई, उलटासुलटा करून पाही, आणि एकही थर न फिरवता तशीच बसून राही. काटेपूर्णा गेले तरी तिचे पाहणे चालूच. मग क्षणभर डोळे मिटून पाच-सहा चाली झपकन् केल्या आणि ठोकळा पुन्हा मैत्रिणीकडे दिला. सुटला होता म्हणावे तर पांढऱ्या रंगाचे चार तुकडे तेवढे जागेवर. बाकी सारा गोंधळ तसाच. मूर्तिजापूर येईपर्यंत हा प्रकार दहा-बारा वेळा झाला. शेवटी आमच्यातल्या एकाने शिक्षकी सवयीने विचारले, की पुढचे येत नाही का? ती हसली. “पुढचं तं पाठ आहे सर. ते सगळ्याइलेच पाठ असते. हे थोडीच पाठ करता येते?”

त्या वेळी आम्ही विषय बदलला. पण ‘हे थोडीच पाठ करता येते’ हे वाक्य डोक्यातून जाईना. ज्यांचा सारा व्यवसाय पाठांतर, टिपणे आणि संभाव्य प्रश्न यांच्या आधाराने चालला आहे, अशा दोघांना ते लागावे यात नवल नाही. मग आम्ही त्या ठोकळ्याच्या इतिहासात शिरलो. लहानपणी, म्हणजे नव्वदीच्या दशकात, आमच्याही घरी असा एक ठोकळा होता; त्याच्या रंगीत चिकटपट्ट्या सोलून हव्या तिथे डकवणे ही आमची एकमेव पद्धत. त्या पापाचे हे उशिराचे प्रायश्चित्त म्हणावे.

एर्नो रूबिक हे बुडापेस्टच्या उपयोजित कला महाविद्यालयात शिकवणारे वास्तुविशारद. १९७४ साली त्यांनी हा ठोकळा घडवला. गोष्ट प्रसिद्ध आहे: काही फेरे फिरवल्यावर त्यांच्या ध्यानात आले की परतीची वाट आपल्यालाच ठाऊक नाही. ती सापडायला महिन्याहून अधिक काळ गेला. कर्त्यालाच आपली कृती उलगडेना, ही कल्पना साहित्याच्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. इथे मात्र ती शब्दशः खरी ठरली. १९७७च्या अखेरीस हंगेरीत ‘जादूचा ठोकळा’ अशा अर्थाच्या नावाने तो विक्रीस आला आणि १९८० पासून रूबिकचे नाव घेऊन जगभर गेला. याची रचना थोडक्यात सांगणे भाग आहे. बाहेरून दिसणारे तुकडे २६. त्यांतले बाजूंच्या मधोमध असलेले सहा एकमेकांच्या संदर्भात जागा सोडत नाहीत, म्हणून कुठली बाजू कोणत्या रंगाची हे तेच ठरवतात. कडेचे १२ तुकडे दुरंगी, कोपऱ्याचे आठ तिरंगी. एवढ्या ऐवजातून ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० मांडण्या संभवतात. आपल्या हिशेबाने सुमारे चार लाख बत्तीस हजार कोटी कोटी. संख्या वाचून छाती दडपते, परंतु तिने सांगितले काहीच नाही. कोश मोठा असला म्हणून वाक्य अवघड होत नाही.

खरा प्रश्न निराळा आहे: किती पायऱ्यांत? हा प्रश्न विचारणारा एक मोठा माणूस महाराष्ट्रात होऊन गेला, आणि तोही शाळामास्तर. देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा गुण शोधला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ ३५२४: पहिल्या वजाबाकीत ३०८७, दुसऱ्या वेळी ८३५२, तिसऱ्या वेळी ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या गणितरंजनाच्या सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा जगाचे त्यांच्याकडे लक्ष गेले. बरोबर सहा वर्षांनी, मार्च १९८१ मध्ये, गार्डनर यांच्या जागी लिहू लागलेल्या डग्लस हॉफस्टाटर यांनी त्याच मासिकात या ठोकळ्यावर दीर्घ लेख लिहिला. देवळालीचे गणित आणि बुडापेस्टचा ठोकळा असे एकाच मासिकाच्या अंगणात येऊन गेले. दोहोंतला फरक मात्र महत्त्वाचा आहे. कापरेकरांच्या रीतीत निवड नाही. पुढची पायरी ठरलेलीच. ठोकळ्यात प्रत्येक वेळी १८ चाली हाताशी असतात: सहा बाजू, आणि प्रत्येक बाजू उजवीकडे पाव फेरा, डावीकडे पाव फेरा किंवा अर्धा फेरा. निवड आली की शैली येते, आणि शैली आली की इतिहासही येतो.

या इतिहासाला लिपी मिळाली ती डेव्हिड सिंगमास्टर या लंडनच्या गणितज्ञामुळे. सहा बाजूंना वर, खाली, डावी, उजवी, समोर, मागे या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे देऊन त्यांनी चाल कागदावर उतरवण्याची सोय केली. रिद्धपूर ज्यांच्या जिल्ह्यात आहे अशा आम्हांला इथे महानुभावांच्या सांकेतिक लिप्या आठवाव्यात हे स्वाभाविक. पण त्या लिप्या ग्रंथ राखण्यासाठी होत्या, ही खुली करण्यासाठी. ती रुळताच १९८१ मध्ये उकलीच्या पुस्तकांचा पूर आला. जेम्स नर्स या रसायनशास्त्रज्ञाची छोटी पुस्तिका त्या वर्षी तडाखेबंद खपली. पॅट्रिक बॉसर्ट या इंग्लंडमधल्या शाळकरी मुलाच्या पुस्तकाच्याही लाखो प्रती गेल्या. आमच्या भाषेत बोलायचे तर ही ‘गाइडे’च. बहुतेकांची रीत एकच: आधी एक थर, मग मधला, मग शेवटचा. नि गंमत अशी की या साऱ्या मार्गदर्शकांत शेवटच्या थराला पानेच्या पाने दिलेली, सूत्रे ठळक टाइपात छापलेली. आणि आरंभाबद्दल मात्र दोन ओळी, की एवढे थोडे खटपट करून ज्याचे त्याला जमेल. शेवट अवघड, आरंभ सोपा, अशी ही समजूत बरीच वर्षे टिकली.

५ जून १९८२ रोजी बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली. लॉस एंजलिसचा मिन्ह थाय हा सोळा वर्षांचा मुलगा २२.९५ सेकंदांत जिंकला. त्याची रीत थरांची नव्हती. तो आधी आठ कोपरे लावी, मग कडा. चेकोस्लोव्हाकियाची जेसिका फ्रिड्रिख दहावी आली, स्वीडनचा लार्स पेट्रस चौथा. या दोघांची नावे पुढे पद्धतींना मिळाली, आणि त्यांच्यातला मतभेद मूळ आरंभाविषयीच आहे, हे आम्हांला विशेष वाटते. फ्रिड्रिखच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रथम तळाच्या रंगाचे चार कडेचे तुकडे लावून ‘क्रॉस’ करायचा. (मराठीत याला फुली म्हणावे तर आमच्या विद्यार्थ्यांना तो शब्द वेगळ्याच कारणाने परिचित आहे, म्हणून क्रॉसच बरा.) मग कोपरा व कड यांच्या चार जोड्या बसवून दोन थर पुरे करायचे, आणि शेवटचा थर पाठ सूत्रांनी दोन टप्प्यांत संपवायचा: पहिल्यात ५७ सूत्रे, दुसऱ्यात २१. पेट्रसचे म्हणणे असे की थराने सुरुवात करणे हीच चूक. एकदा थर पुरा झाला की पुढची प्रत्येक चाल तो मोडते आणि पुन्हा जोडत बसावे लागते. म्हणून आधी एका कोपऱ्यात दोन-दोन-दोनचा लहान ठोकळा बांधा, बाकीच्या बाजू मोकळ्या ठेवा. नंतरच्या पिढीत फ्रान्सच्या झील रू याने डाव्या-उजव्या बाजूंना एक-दोन-तीनचे दोन ठोकळे बांधून सुरुवात करायची रीत काढली. चालींच्या हिशेबात पेट्रस आणि रू यांच्या रीती काटकसरीच्या आहेत. तरी प्रचार झाला तो फ्रिड्रिखच्याच पद्धतीचा. १९९७ मध्ये तिने आपली सूत्रे महाजालावर मांडली, हे त्याचे एक कारण. ती पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाली, आणि २००३ मध्ये टोरांटोला जागतिक स्पर्धा पुन्हा भरली तेव्हा तीत ती दुसरी आली. थरांची कल्पना तिच्या आधीची, जोड्यांचा विचारही इतरांनी केलेला. परंतु लोक पद्धत तिच्याच नावाने ओळखतात. संतांच्या नावावर जमा झालेले अभंग तपासणाऱ्यांना हे सांगायला नकोच.

२००४ मध्ये जागतिक क्यूब संघटना स्थापन झाली आणि नियम बांधले गेले. त्यांतला एक आमच्या विषयाचा गाभा आहे. खेळाडूला घड्याळ सुरू होण्यापूर्वी ठोकळा पाहण्यासाठी जास्तीत जास्त १५ सेकंद मिळतात. सबंध ठोकळा हातात फिरवता येतो, थर मात्र एकही हलवायचा नाही. आठव्या आणि बाराव्या सेकंदाला पंच मोठ्याने इशारा देतो. ही १५ सेकंदे निकालात मोजली जात नाहीत. म्हणजे या खेळात, जो सबंध वेगाचा खेळ आहे, वाचनाला वेगळा वेळ राखून ठेवलेला आहे, आणि त्या वेळाचा दंड नाही.

त्या वेळात करायचे काय? चार तुकडे शोधायचे आणि ते जागी बसतील अशा चालींचा क्रम मनात लावायचा. इथे आकडे आश्वासक आहेत. पहिला तुकडा २४ प्रकारे असू शकतो, दुसरा २२, तिसरा २०, चौथा १८, गुणाकार १,९०,०८०. यांतली प्रत्येक मांडणी फार तर आठ चालींत सुटते. आठ चाली खरोखर लागतील अशा मांडण्या आहेत अवघ्या १०२. निम्म्याहून अधिक, म्हणजे ९७,२५४ मांडण्या नेमक्या सहा चालींत सुटतात, ३४,९६६ सातांत, आणि उरलेल्या पाच किंवा त्याहून कमी चालींत. संपूर्ण ठोकळ्यासाठी हाच प्रश्न विचारला तेव्हा उत्तर मिळायला २०१० उजाडले: टॉमस रोकिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गूगलने दिलेल्या संगणकांच्या बळावर सिद्ध केले की कोणतीही मांडणी २० चालींत सुटते. पण त्या वीस चाली पंधरा सेकंदांत डोळ्यांना दिसणे माणसाच्या आवाक्यातले नाही. आठ आहेत. ठोकळ्यात डोळ्यांनी आरपार पाहता येण्याजोगा भाग तो एवढाच.

नवशिका मात्र तसे पाहत नाही. तो पांढरे तुकडे एकेक करून आधी पिवळ्या मध्याभोवती जमवतो, फुलाच्या पाकळ्यांसारखे, आणि मग रंग जुळवत एकेक पाकळी अर्ध्या फेऱ्याने खाली उतरवतो. केवळ या उतरणीलाच चार चाली, जुळवाजुळवीच्या आणखी. रीत खात्रीची आहे, चूक होत नाही. पण प्रत्येक तुकड्याला थांबून विचार, आणि विचार नेहमी एकाच तुकड्याचा. जाणता खेळाडू दोन गोष्टी वेगळ्या करतो. एक, तो तुकडे सुरुवातीला मध्यांशी जुळवीत नाही, एकमेकांशी जुळवतो: हिरव्यासमोर निळा, तांबड्यासमोर नारिंगी, मधला क्रम बरोबर. चौघांचे आपसातले नाते जमले की शेवटी तळाचा एकच फेरा सगळ्यांना आपापल्या घरी नेतो. दुसरी गोष्ट क्रमाची. समजा, वरच्या थरात समोर एक तुकडा आहे आणि त्याचा पांढरा रंग वर नसून आपल्याकडे तोंड करून आहे. तो सरळ खाली उतरवला तर पांढरा बाहेरच राहील. समोरची बाजू पाव फेरा फिरवून तो उजव्या कडेला नेला आणि मग उजवी बाजू पाव फेरा खाली आणली तर दोन चालींत नीट बसतो. मात्र समोरची बाजू फिरताना तळाशी समोर आधीच बसवलेला तुकडा उखडतो, म्हणून ती बाजू परत फिरवावी लागते: तीन चाली. तोच अवघड तुकडा आधी घेतला असता तर दोनच. सोपे आधी उरकून घ्यावे हा आपला परीक्षेतला बाळबोध सल्ला इथे नेमका उलटा पडतो.

एका चालीने काय होते, असे आम्हीही विचारले. जून २०२३ मध्ये मॅक्स पार्कने ३.१३ सेकंदांत ठोकळा सोडवला आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनच्या श्वेनयी गंग या सात वर्षांच्या मुलाने ३.०५ सेकंदांत. तिथे एकेका चालीची किंमत उघड आहे. परंतु सामान्य खेळाडूचा वेळ चालींत जात नाही, चालींमधल्या थांबण्यात जातो. क्रॉस आधीच मनात लागलेला असेल तर हात तो करत असताना डोळे मोकळे राहतात आणि पुढची जोडी शोधू लागतात. आरंभ नीट वाचला याचा लाभ आरंभात नव्हे, त्यानंतर मिळतो.

हे समजल्यावर आमच्यातल्या एकाला साहजिकच चित्रकाव्य आठवले: पद्मबंध, खड्गबंध, आणि रुद्रटाच्या ‘काव्यालंकारा’तला तो घोड्याच्या चालीने वाचायचा श्लोक. दुसऱ्याला ही उपमा मान्य नव्हती. बंधात कष्ट कवीने घेतलेले असतात, वाचक नुसता वाटेने चालतो. इथे वाट वाचकालाच काढायची आहे. त्याचे म्हणणे, जवळची गोष्ट आपल्याच तासाला रोज घडते किंवा घडायला हवी: अन्वय. मोरोपंतांची आर्या समोर आली की विद्यार्थी पहिल्या शब्दाचा अर्थ लावतो, मग दुसऱ्याचा, आणि तिसऱ्याशी अडतो, कारण पहिल्याचे विशेष्य पुढच्या चरणात बसलेले आणि क्रियापद त्याहून पुढे. जुने शास्त्री आधी सबंध पद्य नजरेखाली घालायला लावीत. खंडान्वयाची रीत तर क्रियापदापासूनच सुरू होते: क्रिया कोणती, कोणी केली, काय केले, कशाने, प्रश्नागणिक एकेक पद आपल्या जागी येते. तोवर अर्थ उच्चारायचा नाही. पंधरा सेकंदांचा नियम त्या पडवीत आधीपासूनच होता, फक्त त्याला पंच नव्हता.

इथवर आमचे एकमत. पुढे नाही. अमरावतीकराचे मत असे की आमच्या शिकवण्यातून गेली ती नेमकी हीच गोष्ट. आम्ही शेवटच्या थराची सूत्रे देतो: कवीची वैशिष्ट्ये सात, कादंबरीच्या मर्यादा पाच. मुले ती पाठ करतात, आणि न पाहिलेली कविता दिली की हात चालवू लागतात, कारण पाहत बसायला कोणी शिकवलेले नाही. नव्या कवितेवरच्या उत्तरात पहिल्याच वाक्यात ‘सामाजिक आशय’ येतो, तो कविता वाचण्यापूर्वीच ठरलेला असतो. अकोलेकराला हे अर्धेच मान्य. तो म्हणतो की सूत्रांना नावे ठेवणे सोपे आहे, पण त्या मुलीला आरंभाकडे इतके निवांत पाहता येते ते पुढची ७८ सूत्रे बोटांत मुरली आहेत म्हणूनच. वृत्ते, अलंकार, शब्दांची रूपे ज्याची पाठ नाहीत तो आर्येकडे पंधरा मिनिटे पाहत बसला तरी त्याला क्रियापद सापडणार नाही. शिवाय खेड्यावरून एस.टी.ने येणाऱ्या, दुपारी शेतात जाणाऱ्या मुलाला टिपणे नाकारण्याचा अधिकार पगारी माणसाला कोणी दिला? या प्रश्नाला अमरावतीकराजवळ उत्तर नव्हते, अजूनही नाही.

मागच्या वर्षी दोन्हीकडे आम्ही एक प्रयोग केला. अपरिचित पद्य फळ्यावर लिहायचे आणि दोन मिनिटे कोणी पेन उचलायचे नाही. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटे फार लांब झाली. कोणी खिडकीबाहेर पाही, कोणी मोबाइलकडे. काही वर्गांत ती तशीच लांब राहिली. अकोल्याच्या एका वर्गात मात्र चौथ्या-पाचव्या खेपेला मागच्या बाकावरच्या मुलाने मिनिटभरातच क्रियापद सांगितले, आणि ते बरोबर होते. कर्ता त्याने चुकीचा सांगितला. दुसऱ्या चरणातल्या विभक्तीने त्याला फसवले होते. तसे ते आमच्यापैकी एकालाही आदल्या रात्री फसवून गेले होते.

गाडीतली ती मुलगी पुढे एकदा भेटली. ती आता केवळ पांढरा नव्हे, सहांपैकी कोणताही रंग घेऊन सुरुवात करते. सहा क्रॉसांतला सर्वांत छोटा निवडला की सरासरी साधारण एक चाल वाचते, पण पाहायला वेळ तेवढाच. “आठ म्हणते न तवा धडकी भरते सर,” ती म्हणाली. “बारा म्हणेपर्यंत पहिली जोडी दिसली तं दिसली.” तिच्याकडून अकोलेकराने एक जुना ठोकळा मागून घेतला. तो आता प्रवासात त्याच्या पिशवीत असतो. कुरूम ते बडनेरा या टप्प्यात त्याचा क्रॉस होतो, न पाहता नव्हे, पाहूनच. पण नऊ-दहा चाली लागतात. आठांच्या आत तो अजून आलेला नाही.